पंखा आणि त्याचे धनी

श्रोतेहो, राज्यें, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण नेहमीं ऐकतों; मोटारीच्या रेडिएटरमागें फिरणाऱ्या पंख्याला कसला आला आहे इतिहास, असें आजचा विषय ऐकून कांहीं जणांस वाटेल. परंतु ज्यांच्या दारीं मोटार आहे अशा पुष्कळ घरांतून एक हकीकत ऐकूं येते. गाडी रहदारींत उभी राहिली कीं तापूं लागते. पंखा फिरत नाहीं, असें ध्यानांत येतें. घरांतला एखादा हौशी गृहस्थ बाजारांतून नवा पंखा आणतो, रविवारची सकाळ खर्च करून तो स्वतःच्या हातानें बसवितो, आणि सायंकाळीं गाडी पुन्हां तापते. आतां नवा पंखाच खोटा निघाला असें समजून दुसरा आणावयाचा, कीं दोष आणखी कोठें आहे याचा शोध करावयाचा? बहुतेक लोक पहिला मार्ग धरतात, कारण पंखा डोळ्यांना दिसतो आणि दोष दिसत नाहीं.

माझें म्हणणें असें कीं, हा पंखा म्हणजे एक नोकर आहे. गेल्या सव्वाशें वर्षांत त्याचे धनी एकामागून एक बदलत गेले. पहिला धनी उघड उघड समोर उभा असे, पुढचा थोडा आड गेला, आणि आजचा तर पडद्यामागेंच बसलेला आहे. नोकर कामावर उभा राहिला नाहीं म्हणून त्याला काढून दुसरा नेमण्यापूर्वीं, त्याला हुकूम पोंचला होता कीं नाहीं हें पाहावें. आणि तो हुकूम कोणकोणत्या हातांतून जातो हें समजण्यास इतिहासासारखा वाटाड्या नाहीं.

प्रथम पंख्याची गरज कां पडली तें पाहूं. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा साधारणपणें चौथा ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर निघून जाते, आणि कांहीं इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला घ्यावी लागते. तें पाणी वेळच्या वेळीं निवलें नाहीं तर परिणाम वाईट होतो. आजच्या इंजिनाचें डोकें, ज्याला कारागीर ‘हेड’ म्हणतात तें, बहुधा अॅल्युमिनियमचें असतें; तें फाजील तापलें कीं वांकतें, त्याच्या खालचें गॅस्केट जळतें, आणि पंख्याच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. तेव्हां विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

कार्ल बेंझ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं जर्मनींत आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या गाडीला पंखा नव्हता. पाणी तापावयाचें, त्याची वाफ होऊन उडून जावयाची, आणि जातां जातां तिनें उष्णता घेऊन जावयाची, एवढीच व्यवस्था होती. आपल्या स्वयंपाकघरांतला माठ पाणी पाझरवून गार राहतो, त्याच जातीची ही युक्ति. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझ यांची पत्नी बर्था या आपल्या ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारतां, मॅनहाइमहून फोर्झहाइमला अशाच गाडींतून गेल्या. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधन संपलें तेव्हां त्यांनीं वीसलोख गांवच्या औषधालयांतून लिग्रॉइन विकत घेतलें, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु इंधनापेक्षां त्यांना वारंवार थांबावें लागलें तें पाण्यासाठीं. नळी तुंबली ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. स्वतःच्या हातानें गाडी दुरुस्त करणारांची परंपरा या बाईंपासून मोजावयास माझी कांहीं हरकत नाहीं.

दर थोड्या कोसांवर पाणी भरीत जाणें गाडीचा वेग वाढल्यावर परवडण्यासारखें नव्हतें. तेंच पाणी पुन्हां पुन्हां निववून वापरावें, तर तें वाऱ्यापुढें पसरावें लागतें. ही अडचण समाधानकारक रीतीनें सोडविली डाइमलर कारखान्यांतील विल्हेल्म मायबाख यांनीं. एमिल येलिनेक नांवाच्या धनिकाच्या आग्रहावरून त्यांनीं ३५ अश्वशक्तीची एक नवी गाडी तयार केली. ती १९०० सालच्या अखेरीस बाहेर पडली, आणि येलिनेकच्या मुलीचें मर्सिडीज हें नांव तिला मिळालें. या गाडीच्या तोंडाशीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर होता. त्यांत सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींस जोडलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी वाही. अवघ्या नऊ लिटर पाण्यावर काम भागूं लागलें. आणि या पोळ्याच्या मागें एक लहानसा पंखा बसविलेला होता.

तो कशासाठीं? धांवत्या गाडीला समोरचा वारा आपोआप मिळतो. गाडी मंद झाली म्हणजे मात्र तो मिळत नाहीं. पंखा ठेवला तो या मंद चालीसाठीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं मनांत जपून ठेवावी, कारण पुढें रोगाचें निदान करतांना तिचाच उपयोग होणार आहे. जी गाडी मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते आणि चौकांत उभी राहिली कीं तापते, तिच्यांत वाऱ्याची उणीव आहे. जी मोकळ्या रस्त्यावर वेगांतही तापते, तिच्या पंख्याकडे पाहण्यांत अर्थ नाहीं. तेथें पाणी, पंप, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर पाहावा.

पंख्याचा पहिला धनी म्हणजे स्वतः इंजिन. इंजिनाच्या दांड्यावरून चामड्याचा किंवा कापडाचा, पुढें रबराचा पट्टा घ्यावयाचा आणि त्यावर पंखा फिरवावयाचा. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती आणि तिची संख्या दीड कोटीपर्यंत गेली. आरंभींच्या थोड्या गाड्या वगळल्या तर तिला पाणी फिरविणारा पंपदेखील नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, निवलेलें जड होऊन खालीं येई, आणि तेवढ्यावर अभिसरण चाले. पंखा मात्र होता, आणि तो पट्ट्यावर होता.

या व्यवस्थेंत एक मूळचा विपर्यास आहे. ज्या वेळीं पंखा जोरानें फिरावयास हवा, म्हणजे गाडी उभी असतांना, त्या वेळीं इंजिन मंद असतें म्हणून पंखाही मंद. आणि गाडी वेगांत असतां, जेव्हां पंख्याची गरजच नसते, तेव्हां तो जीव तोडून फिरतो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला कीं तो फिरविण्यास आठपट शक्ति लागते. म्हणजे नको तेव्हां काम, आणि तेंही महागाचें! तरी अर्धशतकाहून अधिक काळ जगानें हें चालवून घेतलें, कारण पट्टा साधा होता आणि त्याचा दोष उघड दिसे. बॉनेट उघडलें कीं पट्टा आहे कीं तुटला तें कळे. अंगठ्यानें दाबून पाहिला कीं सैल आहे कीं ताठ तें कळे. निदान संपलें. ‘फोक्सवागन बीटल’ या गाडींत पाणी नव्हतेंच. तिचें इंजिन वाऱ्यानेंच निवे, आणि तो पंखा वीज उत्पन्न करणाऱ्या डायनामोच्याच दांड्यावर बसविलेला असे. त्यामुळें पट्टा तुटला कीं वीज बंद होऊन समोर तांबडा दिवा लागे. जाणता चालक त्या दिव्याचा अर्थ ‘वीज गेली’ असा न घेतां ‘वारा गेला’ असा घेई आणि गाडी तत्काळ थांबवी.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी फियाट, जी पुढें प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि १९५७ ते २०१४ पर्यंत निघालेली अँबॅसडर, या दोन्ही मूळच्या पट्ट्याच्या पंख्याच्या गाड्या. बोरघाट चढतांना बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या, वाफ सोडणाऱ्या गाड्या माझ्या वयाच्या लोकांनीं पुष्कळ पाहिल्या आहेत. चढावर इंजिनाला श्रम अधिक, गाडीची चाल कमी, आणि वारा पाठीमागचा असला म्हणजे रेडिएटरला समोरून कांहींच मिळत नाहीं; अशा वेळीं पट्टा जरासा सैल असला तरी पाणी उकळे. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्स्या मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें गेल्या, आणि त्यांच्याबरोबर पट्टा अंगठ्यानें दाबून पाहणारे पुष्कळ अंगठेही निवृत्त झाले.

पट्टा आणि पंखा यांच्यामध्यें पुढें एक मध्यस्थ आला. सिलिकोन तेलानें भरलेली एक डबी पंख्याच्या मध्यभागीं बसविली जाऊं लागली. रेडिएटरमधून येणारा वारा गरम असला कीं तेल आंत पसरून पंख्याला पकड देई, गार असला कीं पकड सोडी. मोठ्या ट्रकांत ही डबी अजूनही दिसते. तिच्याविषयीं अधिक सांगत नाहीं.

खरी क्रांति घडली ती इंजिन आडवें झाल्यामुळें. गाडी लहान करावयाची आणि आंत माणसांना जागा मोठी द्यावयाची, या हेतूनें अॅलेक इसिगोनिस यांनीं १९५९ सालीं इंग्लंडांत ‘मिनी’ गाडी काढली व तिचें इंजिन आडवें बसविलें. आतां इंजिनाचा दांडा पुढें रेडिएटरकडे न येतां बाजूला, चाकाकडे गेला. पट्टा तर तेथेंच लागणार. म्हणून त्यांनीं रेडिएटरच उचलून बाजूला, चाकाच्या कमानीजवळ नेला. नोकराच्या सोयीसाठीं घर फिरविलें, असा हा प्रकार. इटलींत दान्ते जाकोझा यांच्या ‘फियाट १२८’ या १९६९ सालच्या गाडींत याहून सरळ उत्तर होतें. रेडिएटर पुढेंच राहूं दिला, पट्टा काढून टाकला, आणि पंख्याला स्वतःची विजेची मोटर दिली. रेडिएटरच्या पाण्याशीं संबंध असलेलें एक बटण त्या मोटरचा धनी झालें. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे तापलें कीं बटण आपोआप जोडलें जाई. निवलें कीं सुटे. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० रस्त्यावर आली, तेव्हांपासून हा आडव्या इंजिनाचा आणि विजेच्या पंख्याचा काळ मध्यमवर्गाच्या दारांत आला.

या नव्या धन्यानें जुना विपर्यास नाहींसा केला. पंखा हवा तेव्हांच फिरूं लागला, आणि इंजिन मंद असतांही पूर्ण वेगानें. परंतु त्याबरोबर एक गोष्ट गेली. थांबलेला पंखा हा दोषी आहे कीं हुकमाची वाट पाहत आहे, हें आतां पाहून कळेना. बॅटरी, फ्यूज, रिले (म्हणजे लहान प्रवाहानें मोठ्या प्रवाहाचें दार उघडणारी पेटी), तापमानाचें बटण आणि शेवटीं जमिनीची, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाशीं जोडलेली वायर, इतक्या ठिकाणांहून हुकूम जाऊं लागला. त्यानंतरच्या काळांत बटणाची जागा सेन्सरनें घेतली. सेन्सर स्वतः हुकूम देत नाहीं. तो केवळ गाडींतील संगणकाला बातमी पोंचवितो, आणि हुकूम संगणक देतो. पूर्वीं जो धनी होता तो आतां नुसता बातमीदार झाला.

आतां नव्यानें बसविलेल्या पंख्याकडे येऊं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. त्यानें आपल्या लहान गाडीचा पंखा घरींच बदलला. नवा पंखा झकास फिरत होता, वेळेवर लागत होता, वेळेवर थांबतही होता; तरी गाडी रहदारींत पूर्वींपेक्षां अधिक तापूं लागली. महामार्गावर कांहीं तक्रार नव्हती. एका गॅरेजमध्यें त्याला सांगण्यांत आलें कीं हेडचें गॅस्केट गेलें असावें, इंजिन उघडावें लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून तो बिचारा पगाराच्या तारखा मोजीत बसला होता. मीं त्याला एवढेंच विचारलें कीं, पंखा वारा कोणीकडून कोणीकडे नेतो? त्यानें इंजिन गरम करून पंखा लागूं दिला आणि गाडीच्या तोंडासमोर, जाळीशीं, हातरुमाल धरला. मागें बसविलेल्या पंख्यानें वारा समोरून ओढून इंजिनाकडे टाकावयाचा असतो. म्हणजे रुमाल जाळीला चिकटावयास हवा. तो उलट हातांतून बाहेर उडूं लागला. नव्या मोटरचा प्लग जुन्याशीं जुळत नव्हता म्हणून त्यानें वायरी कापून जोडल्या होत्या, आणि त्यांत दोन वायरींची अदलाबदल झाली होती. अशा मोटरला प्रवाह उलट दिला कीं ती उलट फिरते, आणि पंखा इंजिनाकडचा तापलेला वारा रेडिएटरमधून पुढें ढकलतो. वायरी बदलल्या, रुमाल चिकटला, आणि इंजिन उघडण्याचा प्रश्नच उरला नाहीं.

येथें एक गैरसमज दूर करतों. पंख्याचें चक्र काढून उलट्या बाजूनें दांड्यावर बसविलें तर वाराही उलटतो, असें पुष्कळ जण समजतात. तसें होत नाहीं. स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचा आटा उलटा होत नाहीं, तसेंच पात्यांच्या पिळाचें आहे. वारा त्याच दिशेनें जातो. फक्त पात्याची पाठ पुढें आल्यामुळें तो फार कमी जातो.

पंखा मुळींच फिरत नसेल तर बॅटरीपासून दोन जाड वायरी, मध्यें फ्यूज घालून, थेट मोटरला लावून पाहाव्या. फिरला तर नोकर निर्दोष. शोध धन्यांकडे न्यावा. ज्या गाडींत वातानुकूलन आहे तींत तें सुरू केल्यावर बहुधा पंखा लागतो. तसा लागला तर मोटर, तिचा फ्यूज आणि वायरी बहुतेक ठीक असून पाण्याच्या बाजूचा हुकूम येत नाहीं, असें समजावें. साध्या बटणाच्या जुन्या गाडींत बटणाचा प्लग काढून त्याचीं दोन टोकें तारेनें जोडलीं आणि पंखा लागला, तर बटण गेलें. सेन्सरच्या गाडींत मात्र असे तारेचे प्रयोग करूं नयेत. तेथें नुसता प्लग काढला कीं बातमी बंद झाली म्हणून संगणक पुष्कळदां सावधगिरीनें पंखा लावतो, आणि तेवढ्यावरून संगणकापासून पंख्यापर्यंतची वाट शाबूत आहे हें समजतें.

हौशी माणसाला सर्वांत अधिक फसविणारा दोष जोडांत असतो. तो लहान दिवा लावून पाहतो, दिवा पेटतो, म्हणून वीज येते आहे अशी त्याची खात्री पटते. परंतु दिव्याला प्रवाह लागतो थोडासा, आणि पंख्याला दहा-पंधरा अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. गंजलेल्या बोल्टखालीं दाबलेली जमिनीची वायर, किंवा तापून सैल झालेला प्लग दिव्यापुरता प्रवाह देतो आणि पंख्यापुढें हात टेकतो. म्हणून पंखा जोडलेला असतांनाच त्याच्या टोकांशीं दाब मोजावा. बॅटरीशीं बारा व्होल्ट आणि पंख्याशीं सात-आठच भरले, तर मधलें कोणीतरी खात आहे.

यावर आपल्या बाजारांत एक सोपा उपाय रूढ आहे; त्याला ‘डायरेक्ट करणें’ म्हणतात. किल्ली फिरविली कीं पंखा सुरू, बंद केली कीं बंद. घाटांत अडकलेल्या माणसानें घर गांठण्यापुरतें हें केलें तर मी दोष देणार नाहीं. परंतु कायमचें केलें तर दान्ते जाकोझांच्या गाडींतून आपण पुन्हां पट्ट्याच्या काळांत येतों. इंजिन चालू तोंवर पंखा चालू, हवा असो वा नसो. मोटर लवकर झिजते आणि खरा दोष तसाच झांकला जातो. त्याच मासल्याचा दुसरा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेंकणें. थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला असेल तर इंजिन तापतें व रेडिएटर मात्र थंड राहतो, आणि रेडिएटरवरच्या बटणाला हुकूम देण्याचें कारणच पडत नाहीं. अशा वेळीं नवा थर्मोस्टॅट घालावा. त्याच्याशिवाय इंजिन योग्य उष्णतेपर्यंत येत नाहीं आणि पेट्रोल अधिक पितें.

हात घालण्यापूर्वीं दोन गोष्टी पाळाव्या. विजेचा पंखा कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यावरही आपोआप लागतो, म्हणून पात्यांजवळ बोटें नेण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आंतला दाब असा ठेवलेला असतो कीं पाणी ११८–१२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब उतरतो आणि सर्व पाणी एकदम उसळून तोंडावर येतें. प्रेशर कुकर हाताळणाऱ्या गृहिणींना हें अधिक समजावून सांगावयास नको.

राहतां राहिलें पाणी; सर्वांत जुना धनी, बर्थाबाईंच्या काळचा. पंखा काढण्यासाठीं बहुधा वरची नळी सोडवावी लागते, थोडें पाणी सांडतें, आणि नळी पुन्हां लावतांना आंत हवा कोंडली जाते. बटण किंवा सेन्सर त्या हवेच्या पोकळींत सांपडला कीं त्याला पाण्याची उष्णता कळत नाहीं. इंजिन तापत असतें आणि समोरचा कांटा मात्र खालीं असतो, किंवा एकदम वर उडी मारतो. नवा पंखा, नवा फ्यूज, नवा रिले, सर्व असून हुकूम येत नाहीं. म्हणून पंखा बसविल्यावर गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन पूर्ण थंड असतांना झांकण काढावें, गाडींतल्या हीटरचा दांडा गरम बाजूला सारून इंजिन सुरू करावें, आणि बुडबुडे येतील तोंवर पाण्याची पातळी भरीत राहावें. बुडबुडे थांबले कीं, पाणी अद्याप फार तापलें नाहीं तोंच झांकण घट्ट लावावें. मग पंखा आपण होऊन लागेपर्यंत आणि आपण होऊन थांबेपर्यंत जवळ उभें राहावें, एकदां नव्हे, दोनदां. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन थंड असतां, पाणी पुन्हां पाहावें. तें खालीं गेलेलें असेल तर भरावें आणि तिसऱ्या दिवशींही पाहावें.